नवतपा आणि दोन सूर्य

२५ मे ही तारीख नागपुरात कुणाला मुद्दाम सांगावी लागत नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, नवतपा लागतो आणि पुढचे नऊ दिवस भर दुपारी बर्डीच्या बाजारातसुद्धा माणूस शोधावा लागतो. पारा ४५ च्या पुढे सरकतो, कूलरच्या टाकीत दिवसातून तीनदा पाणी भरावं लागतं. ‘स्टार वॉर्स’वर जीव असलेल्यांना हीच तारीख आणखी एका कारणाने पाठ असते. १९७७ साली २५ मे रोजी अमेरिकेत ही मालिका सुरू झाली, तीही पहिल्या दिवशी जेमतेम ३२ चित्रपटगृहांत. मूळ तीन चित्रपटांतला शेवटचा १९८३ साली आला, तोही २५ मेलाच.

योगायोगच आहे, पण मला तो फार जवळचा वाटतो, कारण ही गोष्ट उन्हातच सुरू होते. अंतराळातली पहिली चकमक संपली की दोन यंत्रमानव वाळवंटात येऊन पडतात आणि पुढे कितीतरी वेळ आपण टॅटूईन नावाच्या, दोन सूर्य असलेल्या ग्रहावर असतो. तिथला शेतकरी हवेतला ओलावा गोळा करून पाणी पिकवतो. माणसं कापडात गुरफटूनच बाहेर पडतात, यंत्रांच्या सांध्यांत वाळू जाते आणि घरातल्या ल्यूक नावाच्या पोराच्या वाट्याला दिवसभर दुरुस्तीची कामं येतात. तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय दुपारी गाडी काढत नाही अशा गावाला यातलं काय परकं वाटणार?

म्हणून हे तीन चित्रपट एसी लावलेल्या बंद खोलीत पाहू नयेत असं माझं ठाम मत आहे. ते नवतप्याच्या पहिल्या तीन रात्री, २५, २६ आणि २७ मेला, घराच्या गच्चीवर, घरातल्या सगळ्यांना घेऊन पाहावेत. आणि त्या तीन दिवसांच्या दुपारी, पोरांना उन्हात सोडता येत नाही तेव्हा, हे चित्रपट ज्या हातांनी बनले त्या हातांचं काम त्यांच्याकडून थोडं करून घ्यावं. कारण या मालिकेवरचं प्रेम टिकतं ते हातकामामुळे. तिथलं जग कुणीतरी भंगारातून, तारांतून, पुठ्ठ्यातून आणि प्लास्टिकच्या तुकड्यांतून जोडलेलं आहे, आणि डोळ्यांना ते कळतं.

आधी गच्चीचं बघू, कारण चुका तिथेच होतात.

२५ मेला नागपुरात सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो, पण आकाश पुरतं काळं व्हायला सव्वाआठ वाजतात. पश्चिमेचा उजेड शेवटपर्यंत रेंगाळतो. त्यामुळे पडद्याचं तोंड पूर्वेला आणि पाठ पश्चिमेला ठेवायची, म्हणजे तो उजेड चित्रावर पडत नाही. आठला सुरू केलं तर पहिली दहा मिनिटं चित्र जरा फिकं दिसेल, तेवढं चालवून घ्यावं. पहिला चित्रपट दोन तासांचा आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने बंदी आहे. शेजाऱ्यांनाही झोप हवी असते. आठ ते दहा हीच वेळ धरावी. पुढचे दोन्ही चित्रपट थोडे लांब आहेत, त्यांच्या शेवटाला आवाज कमी करून सगळ्यांनी सतरंजी पुढे ओढायची.

खरी अडचण उष्णतेची. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि नवतप्यात रात्री आठला हवा तेवढी असतेच. त्यात दिवसभर तापलेला स्लॅब खालून भट्टीसारखी धग सोडत असतो. प्रोजेक्टर जमिनीलगत ठेवला तर अर्ध्या तासात तापमानाचा लाल दिवा लागतो आणि तो बंद पडतो. म्हणून सूर्य मावळताच गच्चीवर भरपूर पाणी मारायचं. पहिलं पाणी बघता बघता उडून जातं, त्याचा फारसा उपयोग होत नाही. पाऊण तासाने पुन्हा मारलेलं पाणी खरा गारवा देतं. दुसरं पाणी वाळल्यावरच वायरी पसरायच्या, ओल्या गच्चीवर एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नये. प्रोजेक्टर लाकडी स्टुलावर, जमिनीपासून किमान अडीच फूट वर ठेवायचा आणि त्याच्या बाजूला एक टेबलफॅन. हा पंखा हवा गार करत नाही, पण प्रोजेक्टरने बाहेर फेकलेली गरम हवा पुन्हा त्याच्याच तोंडात जाऊ देत नाही, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. कूलरचा झोत मात्र त्याच्यावर सोडायचा नाही. ताटीतून उडालेले बारीक थेंब भिंगावर बसतात आणि चित्राला धुकं चढतं.

पडदा दहा फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच पुष्कळ झाला. गांधीबागेच्या कापडबाजारात पडद्यांच्या अस्तराचं जाड पांढरं कापड मिळतं, ज्यातून उजेड आरपार जात नाही ते. चादर लावू नका, अर्धा उजेड मागच्या घराच्या भिंतीवर जातो. हे चित्रपट फार रुंद चौकटीत चित्रित केलेले आहेत, रुंदी उंचीच्या जवळजवळ २.४ पट. त्यामुळे दहा फुटी पडद्यावर चित्राची उंची सव्वाचार फुटांच्या आत राहते आणि वर-खाली साधारण आठ-नऊ इंचांचे काळे पट्टे येतात. ते तसेच राहू द्यायचे. पट्टे घालवायला चित्र ताणलं की दोन सूर्य लंबगोल होतात. एवढ्या पडद्याला खरे हजारभर ल्युमेन (हे उजेडाचं माप) पुरतात, पण खोक्यावर छापलेल्या नऊ-दहा हजारांच्या आकड्यावर जाऊ नका. ‘एएनएसआय’ हे शब्द ज्या आकड्यापुढे असतील तोच धरायचा. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो’, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट, दीड लिहिला असेल तर दहा फुटी चित्राला तो पंधरा फुटांवर ठेवावा लागतो. गच्ची आधी टेपने मोजून घ्यावी.

आणि वारा. मे संपताना नागपुरात संध्याकाळी अचानक वावटळ उठते. एवढ्या मोठ्या कापडावर ताशी तीस किलोमीटरचा वारा आला तर वीस-पंचवीस किलोंची ओढ बसते. चार कोपऱ्यांत चार दोऱ्या बांधल्या तर आधी कोपरा फाटतो. कडेने दर फुटावर छिद्र पाडून पितळी रिंगा बसवून घ्या, दोरीऐवजी रबरी ताण वापरा, आणि खालची कड थोडी सैल सोडा म्हणजे वारा निघून जातो. वीज चमकायला लागली तर मात्र दोन मिनिटंही थांबायचं नाही, सगळं सोडून खाली.

आवाजाची वायर लावावी. ब्लूटूथने आवाज ओठांच्या मागे पडतो, लढाईत ते लक्षात येत नाही पण संवादांत खटकतं. गच्चीला भिंती नसल्याने खर्जातले आवाज हवेत विरून जातात, म्हणून स्पीकर पडद्याच्या बाजूला उघड्यावर न ठेवता जिन्याच्या खोलीच्या भिंतीला, शक्य तर कोपऱ्याला टेकवायचा. तेवढ्यानेही अवकाशातल्या जहाजाची घरघर छातीत जाणवते.

पन्ह्याची सुरई, टरबुजाच्या फोडी आणि डासांची अगरबत्ती याबद्दल नागपूरकरांना मी काय सांगणार.

आता दुपारी.

या मालिकेचं अर्धं जग कानांनी बांधलेलं आहे. ते बांधणारा माणूस बेन बर्ट. पहिल्या चित्रपटासाठी ऑस्करच्या अकादमीने त्याला विशेष पुरस्कार दिला. त्याच्याकडे तयार आवाजांचं भांडार नव्हतं, तो टेपरेकॉर्डर घेऊन हिंडला. लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारीची गुणगुण त्याला ज्या चित्रपटशाळेत तो शिकला तिथल्या प्रोजेक्टरच्या खोलीत मिळाली. जुन्या प्रोजेक्टरची मोटर नुसती फिरत असताना जी सूर लावल्यासारखी घूं येते, ती. त्यात त्याने दुसरा आवाज मिसळला. मायक्रोफोनची एक तुटकी वायर टीव्हीच्या चित्रनळीजवळून गेली तेव्हा तिच्यात जी गुरगुर शिरली, ती. मग ही मिसळ त्याने स्पीकरवर वाजवली आणि दुसरा मायक्रोफोन हातात धरून स्पीकरसमोरून सपासप फिरवला. तलवार फिरल्याचा भास झाला तो असा.

हे घरी जसंच्या तसं करता येतं, आणि नागपूरच्या घरात तर मोटरींची ददात नाही. कूलरचा पंखा बंद करा आणि फक्त पाण्याचा पंप चालू ठेवा. पंख्याचा वारा माइकवर गेला तर नुसती खरखर येते. टाकीच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर मोबाइल धरून वीस सेकंद ध्वनिमुद्रण करा. पत्र्याची टाकी असेल तर घूं भरदार येते, प्लास्टिकची असेल तर पातळ. ते स्पीकरवर लावा, दुसरा मोबाइल मुठीत धरून स्पीकरपासून चार बोटांवरून फिरवा आणि हे दुसरं ध्वनिमुद्रण ऐका. पहिल्या प्रयत्नाला बहुतेकदा आवाज सपाट येतो. याचं कारण मोबाइल स्वतःच हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करत असतो. ज्या ॲपमध्ये ही सोय बंद करता येते ते वापरा आणि माइकवर मलमलीची एक घडी धरा. हाताच्या वेगाने सूर फार थोडा हलतो, जिवंतपणा येतो तो आवाज अंगावर येऊन लांब गेल्यामुळे. हात फिरवणाऱ्या पोराला हे सांगायचं नसतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याचं मनगट आपोआप शिकतं.

ब्लास्टर या बंदुकीचा आवाज याहून सोपा आणि याहून सुंदर. रेडिओच्या उंच मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या पोलादी तारेवर बर्टने हातोडी मारली आणि तारेतून धावलेला आवाज टिपला. इथे एक गोष्ट आधीच बजावून ठेवतो: विजेच्या खांबाच्या ताणतारेला पोरांनी हातही लावायचा नाही. त्याऐवजी लोखंडी स्लिंकी, म्हणजे वेटोळ्यांच्या सैल स्प्रिंगचं खेळणं, घ्या, प्लास्टिकची रंगीत चालत नाही. कागदी पेल्याच्या बुडाला तिचं एक टोक चिकटपट्टीने घट्ट लावा, पेला कानाला धरा, स्लिंकी जमिनीपर्यंत लोंबू द्या आणि कुणालातरी खालच्या टोकाजवळ पेन्सिलीने टिचकी मारायला सांगा. कानात थेट ‘प्यूऽऽ’ येतो. टिचकीत उंच आणि खालचे सगळे सूर एकदमच निघालेले असतात, पण ताठर तारेतून उंच सूर लवकर धावतात आणि खालचे मागून पोहोचतात. आधी बारीक, मग जाड, म्हणून आवाज वरून खाली घसरल्यासारखा होतो. तार जितकी लांब तितकी घसरण लांब. ज्याने हे एकदा कानाने ऐकलं त्याला रात्री गच्चीवर पहिली गोळी सुटताच बाजूच्याला कोपराने ढोसावंसं वाटतं, आणि त्यासाठीच तर ही दुपारची खटपट.

बाकीचे आवाज नुसते सांगितले तरी पोरं रात्री ते ओळखत बसतात. शत्रूच्या टाय फायटर विमानांची किंचाळी म्हणजे हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून गेलेली मोटार. काळ्या मुखवट्यातल्या डार्थ व्हेडर या खलनायकाचा श्वास पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांच्या श्वसनयंत्रातला. केसाळ च्युबाकाच्या बोलण्यात मुख्य वाटा एका अस्वलाचा. आर-टू या बुटक्या यंत्रमानवाच्या शिट्ट्यांत सिंथेसायझर आहे आणि स्वतः बर्टने काढलेले बाळबोलही आहेत, म्हणून तो डबा रुसला की खरंच रुसल्यासारखा वाटतो.

वस्तूंचंही तसंच. रॉजर ख्रिश्चन नावाच्या सेट सजवणाऱ्याने विमानांचं भंगार वजनावर घेऊन त्यातून भिंती, कॉकपिट, शस्त्रं उभी केली. ल्यूकच्या लाइटसेबरची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. त्यावर रबराच्या पट्ट्या आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची छोटी भिंगांची पट्टी चिकटवली, झाली तलवार. पहिल्याच दृश्यात आपल्या डोक्यावरून संपता संपत नाही ते अवाढव्य जहाज गोष्टीत दीड किलोमीटरहून लांब आहे, आणि कॅमेऱ्यासमोर ते होतं फक्त तीन फुटांचं. त्याच्या अंगावर रणगाड्यांच्या आणि विमानांच्या खेळण्यातल्या संचांचे शेकडो तुकडे चिकटवलेले होते.

तीन फुटांचं जहाज पुठ्ठ्याचं करता येतं. ९० सेंटिमीटर लांब आणि ५५ सेंटिमीटर रुंद असे दोन त्रिकोण कापा, मध्ये आठ सेंटिमीटरचा आडवा टेकू द्या आणि कडा जुळवा, म्हणजे पोट फुगीर राहतं. मग घरातला फुटका माल काढा: जुन्या रिमोटच्या आतल्या पट्ट्या, पेनांची टोपणं, मोडका चार्जर, कंगव्याचे दात. चिकटवताना सगळीकडे सारखं चिकटवू नये. काही भाग मोकळा, काही ठिकाणी गर्दी. टोपण ओळखू आलं की जहाज पुन्हा पुठ्ठा होतं, म्हणून ओळखीची कड नेहमी दुसऱ्या तुकड्याखाली दडवायची. सगळ्याला आधी एकच राखाडी रंग द्यायचा. तो बसला की काळा रंग खूप पातळ करून फासायचा आणि लगेच चिंधीने पुसायचा, काळं खाचांत उरतं आणि जहाज पन्नास वर्षं वापरलेलं दिसतं.

इथे दोन ठिकाणी घात होतो. थर्मोकोल वापरला असेल तर स्प्रेमधलं थिनर तो खाऊन टाकतं, आधी फेव्हिकोलचे दोन हात देऊन वाळवावे लागतात. आणि दुपारी गच्चीवर रंगवायला जाऊ नका. ४५ अंशांत फवारा पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आणि रव्यासारखा खरखरीत बसतो. शिवाय स्प्रेचा डबा उन्हात तापला तर फुटण्याची भीती. सकाळी सहा ते सात, बस.

जहाज हलवायचं नसतं, हे तर या चित्रपटांनीच शिकवलं. पडद्यावरच्या करामतींची बाजू सांभाळणाऱ्या जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या माणसांनी कॅमेरा मोटरींवर बसवला. तो तीच वाट तंतोतंत पुन्हा पुन्हा चालू शकत असे, त्यामुळे जहाज, त्याचे दिवे आणि इंजिनांचा प्रकाश वेगवेगळा टिपून एकत्र करता आला. घरी मोटर नको. मोबाइल चाकाच्या पाटावर बसवा, बाजूला मोजपट्टी चिकटवा, दर चित्राला पाच मिलिमीटर पुढे सरका. सेकंदाला २४ चित्रं धरली तर १० सेकंदांना २४० चित्रं आणि एक मीटर २० सेंटिमीटरची वाट. पंखे बंद, खिडकी बंद, फोकस आणि उजेड मोबाइलमध्ये कुलूप लावून पक्के, नाहीतर चित्र लुकलुकतं. घामाच्या धारा लागतात. पण चार मुलं एका पाटाभोवती दीड तास चूप बसलेली पाहायची असतील तर याच्यासारखा उपाय नाही.

टॅटूईन प्रत्यक्षात ट्युनिशिया आहे. तिथल्या तातावीन गावावरून ग्रहाला नाव मिळालं. चित्रीकरण मार्च १९७६ मध्ये सुरू झालं. ल्यूकच्या घराचा बाहेरचा पांढरा घुमट एका कोरड्या खाऱ्या सरोवराच्या काठी उभारला होता आणि आतलं अंगण दुसऱ्याच गावात, मातमातात आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत मोठा खड्डा खणून, त्याच्या भिंतींत खोल्या कोरून राहिले. वर ऊन कितीही पेटलेलं असो, मातीच्या जाडीमुळे खाली गारवा राहतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या हात-हात रुंद भिंती ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या घरामागचा विचार समजावून सांगावा लागत नाही. दुपारी खोलीत दारं लावून, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून बसायचं ही रीत आणि ती खड्ड्यातली घरं एकाच शहाणपणातून आली आहेत. सोनेरी यंत्रमानव सी-थ्रीपीओच्या कवचात शिरलेल्या अँथनी डॅनियल्सला मात्र असला आडोसा नव्हता. पहिल्याच दिवशी त्याच्या पायाचं कवच तडकून पायात रुतलं. पडद्यावर तो यंत्रमानव अवघडून चालतो तेव्हा ते मला नेहमी आठवतं.

चित्रपट सुरू होताना पिवळी अक्षरं वर सरकत लांब जातात. ती सुमारे दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब पट्टीवर खरी मांडली होती, वरून कॅमेरा सरकवला होता. ज्यांना इंग्रजी पटकन वाचता येत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी ती मोठ्याने मराठीत सांगावी, त्यासाठी आधी एकदा वाचून तयारी करावी. ‘फोर्स’ला काय म्हणायचं हा प्रश्न येतोच. ‘शक्ती’ म्हटलं की दंडाचा जोर आठवतो. मी ‘चैतन्य’ म्हणेन. सगळ्या जिवांतून उत्पन्न होणारं, सगळ्यांना वेढणारं आणि एकत्र बांधणारं असं ल्यूकचा म्हातारा गुरू ओबी-वॉन ‘फोर्स’चं वर्णन करतो. घरातल्या आजीला हा शब्द ऐकल्यावर पुढचं काहीही सांगावं लागत नाही.

पहिल्या रात्री ज्या क्षणासाठी हे सगळं मांडायचं तो साधारण पंचवीसाव्या मिनिटाला येतो. ल्यूक जेवणावरून उठून बाहेर येतो आणि क्षितिजाकडे बघत उभा राहतो. दोन सूर्य मावळत असतात. संवाद नाही. जॉन विल्यम्सची धून लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रामधून उठते आणि घराबाहेर पडू न शकलेल्या प्रत्येक पोराचं मन त्या सुरांत येतं. आपला पडदा पश्चिमेला आहे, दीड तासापूर्वी त्याच्याच मागे आपला सूर्य गेलेला असतो आणि स्लॅब अजून ऊब सोडत असतो. बंद खोलीत हे मिळत नाही.

दोन सूर्यांचा ग्रह कल्पनेतला राहिला नाही. २०११ साली केप्लर दुर्बिणीने केप्लर-१६बी शोधला. तिथले दोन तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रह त्या दोघांभोवती २२९ दिवसांत. म्हणजे तिथली संध्याकाळ रोज वेगळी असणार. कधी सूर्य शेजारी, कधी एकामागोमाग, कधी एकाच्या आड दुसरा.

दुसऱ्या दिवशी, २६ मेच्या सुमारास, नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर माथ्यावर येतो. सरळ उभ्या केलेल्या बाटलीची सावली बाटलीच्या बुडाखाली नाहीशी होते. उन्हात पाच मिनिटंच काढायची, डोक्याला दुपट्टा, हातात बाटली आणि ओळंबा म्हणून दोऱ्याला बांधलेली किल्ली. बाटली जरा कलली तर सावली उरते आणि प्रयोग फसला असं वाटतं. पुठ्ठ्याचं जहाज उन्हात आडवं धरलं तर त्याची सावली तंतोतंत त्याच्याच आकाराची पडते.

त्याच रात्री बर्फ. दुसऱ्या चित्रपटाचा पहिला भाग नॉर्वेत फिन्से इथे १९७९ साली, वादळात, घेतला गेला. काही दृश्यं तर हॉटेलच्या मागच्या दाराबाहेरच चित्रित केली. चार पायांची महाकाय यंत्रं मात्र टेबलावरची आहेत, एकेक चित्र घेत हाताने हलवलेली, आणि त्यांच्या पायाखालचा बर्फ बराचसा खायचा सोडा. नवतप्यात हा पांढरा पडदा पाहताना अंगावर जो काटा येतो त्यासाठीच मी हा चित्रपट हिवाळ्यात पाहत नाही. योडा या बुटक्या म्हाताऱ्या गुरूचा चेहरा स्टुअर्ट फ्रीबॉर्नने स्वतःच्या चेहऱ्यावरून घडवला आणि सुरकुत्या आइन्स्टाइनकडून घेतल्या. हात आणि आवाज फ्रँक ऑझचा. मुलांना तो बाहुला आहे हे आधी सांगितलं तरी बिघडत नाही, पाचव्या मिनिटाला ती ते विसरतात.

जे सांगायचं नाही ते एवढंच, व्हेडर ल्यूकचा कोण लागतो. चित्रीकरणातसुद्धा हे रहस्य सांभाळलं होतं. व्हेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउझला खोटं वाक्य दिलं होतं, खरं नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरलं. म्हणून क्रम १९७७, १९८०, १९८३ असाच ठेवावा. १९९९ पासूनचे चित्रपट आधी दाखवले तर हा क्षण वाया जातो.

तिसऱ्या रात्री जंगल, अस्वलांसारखे छोटे जीव, पुष्कळ धावपळ. हा तिघांत सगळ्यांत सैल चित्रपट आहे, मधला अर्धा तास मुलांसाठी आहे आणि मुलांना तो आवडतोच. पण शेवटी ल्यूक एकटा बापाच्या चितेला अग्नी देतो. जगभरच्या प्रेक्षकांना हे दृश्य जसं दिसतं त्याहून आपल्याला वेगळं दिसतं. मुलाच्या हातातली ती मशाल, ज्वाळांत काळवंडणारा मुखवटा, आणि काही पावलांवर तसाच उभा राहिलेला तो. सतरंजीवरचे मोठे लोक या वेळी एकदम शांत होतात. कान देऊन ऐका, दोन सूर्यांच्या वेळी वाजलेली तीच धून इथे परत येते. आधीच्या दोन रात्रींत ती किती ठिकाणी येऊन गेली हे मग आठवायला लागतं.

नावं सरकू लागली की दिवे लावू नका. मान वर केली तर स्वाती अगदी माथ्यावर असते, आग्नेयेला वृश्चिक चढत असतो आणि उत्तरेला सप्तर्षी. त्यांच्या दांड्यातला मधला तारा वसिष्ठ, त्याला बिलगून अरुंधती. लग्नात जोडप्याला दाखवतात तीच. सुमारे ऐंशी प्रकाशवर्षांवरच्या त्या दोन ठिपक्यांत मिळून सहा सूर्य आहेत, चार वसिष्ठात आणि दोन अरुंधतीत.

प्रोजेक्टरचं बटण एकदा दाबायचं आणि वायर काढायची नाही. आतला दिवा गार होईपर्यंत पंखा दोनेक मिनिटं चालत राहतो. घाईने वीज तोडली तर दिव्याचं आयुष्य घटतं, म्हणून भारनियमनाच्या भागात तो इन्व्हर्टरवरच घ्यावा. पडदा काळा, गच्ची काळी, कुणी बोलत नाही, आणि स्टुलावरून मोटरीची ती बारीक घूं येत राहते. मुलांना सांगावं लागत नाही, त्यांच्यातलं कुणीतरी मुठी जुळवून हवेत हात फिरवायला लागतंच.